भारतातील परिसंस्थांचे वर्गीकरण आणि संरक्षणाचे मूल्यमापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या देशाने आपल्या निसर्गाचे किती संरक्षण केले आहे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः टक्केवारीत दिले जाते. भारतात आज राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, संवर्धन राखीव क्षेत्रे व सामुदायिक राखीव क्षेत्रे मिळून एक हजाराहून अधिक संरक्षित क्षेत्रे असून त्यांनी देशाच्या भूक्षेत्राचा पाच टक्क्यांहून थोडा अधिक भाग व्यापलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यानुसार जगातील तीस टक्के भूभाग व सागरी क्षेत्र २०३० पर्यंत संवर्धनाखाली आणावयाचे आहे. त्यामुळे येत्या काही वर्षांत टक्केवारीची चर्चा वाढत जाणार, हे उघड आहे.

मात्र याच आराखड्यात संरक्षित क्षेत्र 'परिस्थितिकीयदृष्ट्या प्रातिनिधिक' असावे, अशीही अट आहे. प्रतिनिधित्व हा शब्द उच्चारताच कोणाचे प्रतिनिधित्व, हा प्रश्न निर्माण होतो. देशात कोणकोणत्या परिसंस्था आहेत याची यादी हाती असल्याशिवाय कोणती परिसंस्था संरक्षणाबाहेर राहिली, हे सांगता येत नाही. जी परिसंस्था यादीतच नाही तिची उणीवही हिशेबात दिसत नाही. या अर्थाने वर्गीकरण हे मूल्यमापनाचे केवळ साधन नाही. मूल्यमापनात काय दिसावे आणि काय दिसू नये हे तेच ठरविते. भारतात प्रचलित असलेल्या प्रमुख वर्गीकरणांची या दृष्टीने चिकित्सा करणे आणि गवताळ माळराने, सॅव्हाना व खडकाळ सडे यांना त्यांत कोणते स्थान मिळाले याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. वनप्रकारांचे वर्गीकरण : हेतू आणि मर्यादा

भारतातील नैसर्गिक वनस्पतिजीवनाचे सर्वाधिक वापरले गेलेले वर्गीकरण हे एच. जी. चॅम्पियन यांचे होय. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करीत असताना त्यांनी १९३६ मध्ये भारत व ब्रह्मदेश येथील वनप्रकारांचे प्राथमिक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. पुढे एस. के. सेठ यांच्या सहकार्याने १९६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तीत वनांचे १६ प्रमुख गट व सुमारे दोनशे प्रकार सांगितलेले आहेत. आजही वनविभागाच्या कार्य आयोजना, भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे नकाशे आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम याच वर्गीकरणावर उभे आहेत. अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकलेल्या या ग्रंथाची व्याप्ती व त्यामागचे क्षेत्रनिरीक्षण निश्चितच आदरास पात्र आहे.

तथापि हे वर्गीकरण कोणत्या हेतूने केले गेले, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चॅम्पियन हे वनसंवर्धनशास्त्रज्ञ होते. कोणत्या हवामानात कोणती वृक्षजाती वाढेल, तिचे पुनरुत्पादन कसे होईल आणि लाकडाचे उत्पादन कसे टिकेल, हे त्यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होते. त्यांच्या काळात प्रभावी असलेला अनुक्रमणाचा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला. हवामान पुरेसे अनुकूल असेल आणि माणसाचा, गुरांचा व वणव्याचा उपद्रव नसेल, तर वनस्पतिसमूह क्रमाक्रमाने बंदिस्त छत्राच्या अरण्याकडे जातो व तीच त्याची चरमावस्था होय, असे हा सिद्धान्त मानतो. यातून साहजिकच असा निष्कर्ष निघाला की, जेथे अरण्य नाही तेथे ते पूर्वी असले पाहिजे.

या गृहीतकाची खूण वर्गीकरणाच्या संकेतांतच आढळते. शुष्क पानझडी वनांच्या गटात 'शुष्क गवताळ प्रदेश' याला '५/डीएस ४' आणि 'शुष्क सॅव्हाना वन' याला '५/डीएस २' असे क्रमांक आहेत. यातील 'डीएस' ही अक्षरे ऱ्हासावस्था दर्शवितात. निलगिरी पर्वतावरील शोला वनांच्या सभोवार पसरलेली गवताळ कुरणेदेखील ऱ्हासावस्थेतच गणली गेली. हिमालयाच्या उंचावरील अल्पाइन कुरणांना मात्र स्वतंत्र मान्यता मिळाली. कारण तेथे थंडीमुळे वृक्ष वाढू शकत नाहीत, हे निर्विवाद होते. वृक्ष वाढण्याजोग्या प्रदेशात गवत असणे म्हणजे काहीतरी बिघडलेले असणे, असा अर्थ या मांडणीतून रूढ झाला.

गवताचा स्वतंत्र अभ्यास झालाच नाही, असे नाही. पी. एम. दाबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतीय कृषि अनुसंधान परिषदेतर्फे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देशाच्या तृणाच्छादनाचे पाच प्रकार निश्चित केले. दख्खनच्या माळांवरील पवन्या व मारवेल यांचे प्राबल्य असलेले गवत त्यांपैकी एक होय. परंतु हा अभ्यास चाऱ्याच्या अंगाने झाला आणि त्यातही उष्ण प्रदेशातील गवताळ भूमी चराई व आगीमुळे टिकून राहिलेली मधली अवस्था म्हणूनच पाहिली गेली. वनशास्त्राने गवताला अवनत अरण्य म्हटले, कृषिशास्त्राने चारा म्हटले. परिसंस्था म्हणून त्याची नोंद दोघांपैकी कोणीही केली नाही.

या गृहीतकाला नंतरच्या संशोधनाने गंभीर आव्हान दिले आहे. निलगिरीतील पीट मातीच्या कार्बन समस्थानिकांवर आर. सुकुमार व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तेथील गवत व अरण्य यांचा परस्परबदल सुमारे वीस हजार वर्षे मागे नेला. दख्खनच्या बाबतीत अधिक निर्णायक पुरावा बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून आला. तेथील तळगाळाच्या विश्लेषणावर आधारलेल्या २०२१ मधील संशोधनाने असे दाखविले की, गेल्या सुमारे सहा हजार वर्षांत मान्सून क्षीण होत गेल्यामुळे द्वीपकल्पात अरण्य मागे हटले व सॅव्हाना पसरली. माणसाचा हस्तक्षेप किंवा वणव्यांतील बदल हे त्याचे मूळ कारण नव्हते. याचा अर्थ असा की, दख्खनचा माळ शेतीच्या प्रसारापूर्वीपासून अस्तित्वात आहे. त्यास सरसकट ऱ्हासावस्था म्हणणे आता शास्त्रीयदृष्ट्या टिकणारे नाही.

२. जैवभौगोलिक विभागणी : एक महत्त्वाचे पाऊल

संरक्षित क्षेत्रांचे मूल्यमापन करण्याच्या स्पष्ट हेतूने झालेले भारतातील पहिले मोठे वर्गीकरण म्हणजे भारतीय वन्यजीव संस्थेचे डब्ल्यू. ए. रॉजर्स व एच. एस. पन्वर यांचा १९८८ मधील दोन खंडांचा अहवाल होय. त्यापूर्वी अभयारण्ये जाहीर होण्यामागे एखाद्या संस्थानिकाचे शिकारक्षेत्र, राखीव जंगलाची उपलब्धता किंवा वाघ-हत्तींसारख्या प्राण्यांचे आकर्षण अशी कारणे असत. रॉजर्स व पन्वर यांनी प्रथमच असा प्रश्न विचारला की, देशातील निसर्गाचे सर्व प्रकार या जाळ्यात आलेले आहेत काय? त्यासाठी त्यांनी देशाची दहा जैवभौगोलिक विभागांत विभागणी केली : ट्रान्स-हिमालय, हिमालय, वाळवंट, निमशुष्क प्रदेश, पश्चिम घाट, दख्खनचे द्वीपकल्प, गंगेचे मैदान, किनारपट्टी, ईशान्य भारत आणि बेटे. प्रत्येक विभागाचे पुढे प्रांत पाडून, कोठे कोणते क्षेत्र उणे आहे याची नोंद त्यांनी केली आणि नव्या उद्यानांची व अभयारण्यांची शिफारस केली.

या कार्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. अमेरिकेत जे. मायकेल स्कॉट यांनी हवाई बेटांवरील पक्ष्यांच्या अभ्यासातून 'उणीव विश्लेषण' ही पद्धत विकसित केली, त्याच दशकात भारतातही तशा प्रकारचा विचार होत होता, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. नंतरच्या काळात अनेक नव्या क्षेत्रांची निवड करताना या अहवालाचा आधार घेतला गेला.

तरीही मूल्यमापनाचे एकक म्हणून 'विभाग' हा फारच मोठा आहे. दख्खनचे द्वीपकल्प हा एकच विभाग देशाच्या सुमारे ४२ टक्के भूभाग व्यापतो. मेळघाटातील सागवनही त्यातच येते आणि सोलापूरचा माळही त्यातच. मेळघाट, ताडोबा, कान्हा यांसारख्या वनक्षेत्रांमुळे या विभागाची टक्केवारी वाढली, तर माळाला काहीही न मिळता विभागाचे प्रतिनिधित्व झाल्यासारखे दिसते. विभाग हे भूगोलाचे एकक आहे, अधिवासाचे नव्हे. अहवालात अधिवासांची चर्चा आहे. परंतु पुढील काळात प्रशासनाच्या हाती राहिली ती विभागनिहाय टक्केवारी. वर्गीकरणाचा सर्वात सोपा भाग व्यवहारात टिकतो आणि त्याची सूक्ष्मता गळून पडते, हा अनुभव येथेही आला.

३. टक्केवारीचा भ्रम : कच्छचे उदाहरण

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. वाळवंट विभागाचे थर व कच्छ असे दोन प्रांत आहेत. कच्छमध्ये सुमारे ७,५०६ चौ. किमी क्षेत्राचे कच्छ वाळवंट अभयारण्य आहे आणि छोट्या रणात सुमारे ४,९५३ चौ. किमी क्षेत्राचे रानगाढव अभयारण्य आहे. ही दोन्ही क्षेत्रे अत्यंत मोलाची आहेत. रोहितांच्या वसाहती व रानगाढवांचे अस्तित्व त्यांवर अवलंबून आहे. केवळ आकडे पाहिल्यास कच्छ हा देशातील उत्तम संरक्षित प्रांतांपैकी एक ठरेल.

परंतु या क्षेत्राचा फार मोठा भाग खारवट, हंगामी पाण्याखाली जाणाऱ्या सपाट रणाचा आहे. त्याच कच्छमध्ये सुमारे अडीच हजार चौ. किमी पसरलेले बन्नी हे गवताळ क्षेत्र अभयारण्यात समाविष्ट नाही. माळढोकासाठी नलिया परिसरात १९९२ मध्ये जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे क्षेत्रफळ अवघे सुमारे दोन चौ. किमी आहे. रणाचे साडेसात हजार व माळढोकाच्या गवताचे दोन, या दोहोंची बेरीज करून प्रांताची टक्केवारी काढली तर गणित बरोबर येईल, निष्कर्ष मात्र चुकेल. ज्या जमिनीवर शेतीचा, कालव्याचा किंवा वीजप्रकल्पाचा दावा नाही ती सहज संरक्षित होते. ज्या जमिनीवर असे दावे आहेत ती मागे राहते. परिसंस्थांचे सूक्ष्म वर्गीकरण नसेल तर हा पक्षपात टक्केवारीत झाकला जातो.

४. 'पडीक' हा वर्ग

वनशास्त्र व वन्यजीवशास्त्र यांच्याबाहेर आणखी एक वर्गीकरण भारतातील जमिनीचे भवितव्य ठरवीत आले आहे. ते म्हणजे महसुली वर्गीकरण. ब्रिटिश राजवटीत ज्या जमिनीतून सारा मिळत नसे तिला 'वेस्ट' म्हटले गेले. मूळ अर्थ महसुली होता. कालांतराने तो निसर्गाचे वर्णन होऊन बसला. इ. स. २००० पासून प्रसिद्ध होत असलेल्या भारताच्या पडीक भूमी नकाशासंग्रहात झुडपी जमीन, अवनत कुरणे, वाळूचे प्रदेश, उघडे खडक, इतकेच नव्हे तर हिमाच्छादित व हिमनद्यांचे क्षेत्रही या वर्गात समाविष्ट आहे. २०१९ च्या संग्रहानुसार देशाची सुमारे १७ टक्के भूमी पडीक ठरते. हिमनदीलाही पडीक म्हणणारे वर्गीकरण निसर्गाचे वर्णन करीत नाही, ते केवळ लागवडीच्या दृष्टीने निरुपयोगी काय, एवढेच सांगते, हे वेगळे सांगावयास नको.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची व्याख्या याला पूरक ठरते. एक हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक असल्यास ते 'वनावरण' मानले जाते. वृक्षजाती, मालकी व जमिनीचा वापर विचारात घेतला जात नाही. त्यामुळे आमराई किंवा निलगिरीची लागवड वनावरणात गणली जाते आणि चिंकारा, लांडगा, खोकड व धाविक यांचा माळ वनेतर ठरतो. अशा माळावर सलग समतल चर खोदून गिरिपुष्प लावले, तर नोंदीत तो सुधारलेला दिसतो. ग्रीन क्रेडिट नियम, २०२३ यांखाली फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कार्यपद्धतीत झुडपी व पडीक जमिनी वृक्षलागवडीसाठी योग्य मानल्या गेल्या, हा याच परंपरेचा पुढचा टप्पा होय. सौरऊर्जा प्रकल्पांसाठी जागा शोधतानाही 'पडीक' हाच शब्द वाट मोकळी करून देतो.

एम. डी. मधुसूदन व अबी तामिम वनक यांनी उपग्रहीय माहितीच्या आधारे निमशुष्क प्रदेशातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा जो नकाशा तयार केला, त्यानुसार त्यांनी देशाचा सुमारे दहा टक्के, म्हणजे तीन लाख चौ. किमीहून अधिक भूभाग व्यापलेला आहे. त्यापैकी पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे. एवढा मोठा प्रदेश जुन्या वर्गीकरणांत स्वतःच्या नावाने उभाच नव्हता.

५. महाराष्ट्रातील माळराने व सडे

महाराष्ट्रात या प्रश्नाचे दोन्ही पैलू स्पष्ट दिसतात. बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्य सुमारे पाच चौ. किमीचे, तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य सुमारे दोन चौ. किमीचे आहे. लांडग्याच्या एका कळपाचा वावरही यापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रावर असतो. याउलट माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत ८,४९६ चौ. किमीचे प्रचंड अभयारण्य जाहीर झाले. गावे, शेते व खाजगी जमिनी यांचाही त्यात समावेश होता. परिणामी लोकांचा रोष ओढवला व फेरआखणीत ते सुमारे १,२२२ चौ. किमीवर आले. दरम्यान राज्यातून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. खरा माळ कोठे आहे हे नकाशावर निश्चित नसल्यामुळे एकीकडे सीमा अवाजवी फुगली आणि दुसरीकडे ती नाममात्र राहिली, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येईल.

सह्याद्रीचे व कोकणचे जांभ्याचे सडे ही दुसरी उपेक्षित परिसंस्था. वर्षातील आठ महिने कोरडा खडक आणि पावसाळ्यात अल्पायुषी वनस्पतींचा बहर, असे तिचे चक्र आहे. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले; परंतु कास हे एका प्रकाराचे उदाहरण आहे, हे आपण विसरतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा येथील असंख्य सडे महसुली भाषेत पोटखराबच राहिले. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तेथील सरड्यावरून वर्णिलेली नवी जाती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रजातीला मराठी शब्दावरूनच 'सारडा' हे नाव देण्यात आले. वर्गीकरणाच्या आधी वापर ठरल्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

येथे भाषेच्या अभ्यासकांनाही एक कार्यक्षेत्र आहे. माळ, माळरान, सडा, कुरण, गायरान, वरकस, खाजण, देवराई हे मराठी शब्द भूमीचे भेद सूक्ष्मपणे नोंदवितात. यांतील काही शब्द निसर्गरूप सांगतात, तर काही वापर. हा फरकही शब्द जपतात. 'माळढोक' या नावात पक्ष्याचा अधिवासच गुंफलेला आहे. मराठी संत व लोकवाङ्मयातील वनस्पतींच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातील माळांचा इतिहास शोधणारे संशोधन अलीकडे झाले असून, शतकांपूर्वीचा हा प्रदेशही खुलाच होता याला त्यातून दुजोरा मिळतो. अशा पुराव्याला तळगाळाच्या पुराव्याइतके स्थान देता येणार नाही. तथापि दोन्ही एकाच दिशेने निर्देश करीत असतील तर त्याची उपेक्षाही करता येणार नाही.

६. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव

पर्यायी मार्ग शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण उपयुक्त आहे. मुसिना व रदरफोर्ड यांनी २००६ मध्ये संपादित केलेल्या तेथील वनस्पतिनकाशात चारशेहून अधिक प्रकार असून गवताळ प्रदेश, सॅव्हाना, फिनबॉस व करू यांना अरण्याच्या बरोबरीचे स्वतंत्र स्थान आहे. प्रत्येक प्रकारासाठी संवर्धनाचे लक्ष्य ठरवून त्या लक्ष्याच्या तुलनेत किती क्षेत्र संरक्षित आहे, यावरून 'असंरक्षित', 'अल्प', 'मध्यम' व 'सुसंरक्षित' अशा श्रेणी लावल्या जातात. २००४ च्या जैवविविधता कायद्याने संकटग्रस्त परिसंस्थांची यादी करण्याची तरतूद केली व २०११ मध्ये अशी यादी जाहीर झाली. प्रकल्पाला परवानगी देताना ती विचारात घ्यावी लागते.

भारतातही सामग्रीची वानवा नाही. पाँडिचेरी येथील फ्रेंच संस्थेचे वनस्पतिनकाशे १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. पी. एस. रॉय व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उपग्रहीय माहितीवरून शंभर वनस्पतिप्रकारांचा नकाशा तयार केला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची परिसंस्थांची लाल यादीची निकषपद्धती व २०२० ची जागतिक वर्गवारीही हाताशी आहे. उणीव आहे ती अशा वर्गीकरणाला कायद्यात व महसुली नोंदीत मान्यता देण्याची.

७. काही आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, काही माळ खरोखरच तोडलेल्या अरण्याचे अवशेष आहेत. हे मान्य केलेच पाहिजे. सर्व गवत ऱ्हासावस्था मानणे जितके चुकीचे, तितकेच सर्व गवत मूळचे मानणेही चुकीचे. म्हणूनच बहुवर्षायु गवतांचे प्रमाण, माळावरील खास जातींचे अस्तित्व, मृदेची खोली, पर्जन्यमान आणि ऐतिहासिक नोंदी यांवर आधारलेले निकष हवेत. प्रत्येक स्थळाचा निर्णय पुराव्याने व्हावा, गृहीतकाने नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नवे वर्गीकरण म्हणजे नवी अभयारण्ये आणि नवी अभयारण्ये म्हणजे धनगर, भरवाड, मालधारी अशा पशुपालकांवर नवी बंधने, ही भीती निराधार नाही. माळढोक अभयारण्याचा अनुभव ताजा आहे. परंतु परिसंस्थेस मान्यता देणे आणि तिच्याभोवती कुंपण घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन व सामुदायिक राखीव क्षेत्रांची सोय केली. जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये जैवविविधता वारसा स्थळांची तरतूद आहे. वनहक्क कायदा, २००६ चराईचे हक्क मान्य करतो. माळ नोंदीत पडीकच राहिला तर पशुपालकालाही तो गमवावा लागेल, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रकल्पासाठी 'रिकामी' जमीन शोधली जाते तेव्हा चिंकारा आणि मेंढपाळ दोघेही तिच्यावर नसल्याचे समजले जाते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. चॅम्पियन व सेठ यांचे वर्गीकरण वनव्यवस्थापनासाठी उपयुक्त असले तरी देशाच्या परिसंस्थांची यादी म्हणून ते पुरेसे नाही. रॉजर्स व पन्वर यांनी प्रतिनिधित्वाचा योग्य प्रश्न विचारला. परंतु त्यांच्या विभागांचे आकारमान त्या प्रश्नाचे सूक्ष्म उत्तर देण्यास अपुरे आहे. 'पडीक' हा महसुली वर्ग परिस्थितिकीय मूल्यमापनातून वगळला पाहिजे. तीस टक्क्यांच्या लक्ष्याकडे जाताना प्रत्येक परिसंस्थेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला गेला नाही, तर जे आधीच संरक्षित आहे त्याच प्रकारची भर पडत राहील आणि माळ, सडे व शुष्क गवताळ प्रदेश लक्ष्यपूर्तीच्या वर्षीही यादीबाहेरच असतील.

या कामात महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. आपल्या तालुक्यातील माळांची व सड्यांची गट क्रमांकनिहाय यादी, तेथील गवतांच्या व पक्ष्यांच्या नोंदी, गावकऱ्यांनी त्या जागांना दिलेली नावे आणि जुने महसुली दाखले हे सारे वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास व मराठी या विभागांच्या आवाक्यातील काम आहे. जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत अशा नोंदींना अधिकृत स्थान आहे. ज्या भूमीवर कोणतीही योजना येण्यापूर्वी तिचे नाव व स्वरूप नोंदवहीत लिहिलेले असेल, तिच्या संदर्भात निदान प्रश्न तरी विचारता येईल.